डोळा पोचेपर्यंत

“आजी, त्या ओळीत ‘र’ न्हाईच की,” मदिहा म्हणाली.

मी खुर्चीत ताठ बसले होते. डाव्या डोळ्यावर काळी वाटी धरलेली आणि उजव्या डोळ्याने समोरचा फळा वाचणं चाललेलं. र, ग, म, च. त्याखाली ट, प, ल, न, क. राजारामपुरीतल्या या डोळ्यांच्या दवाखान्यात मी कित्येक वर्षं येत होते. डावा डोळा काचबिंदूने बराचसा खाल्लेला. त्याचा दाब तपासून घ्यायचा, मग वाटी धरून उजव्याने फळा वाचायचा, ‘उजवा एकदम झकास’ असं ऐकायचं आणि खाली उतरून कोपऱ्यावर अर्धा कप चहा घ्यायचा. मदिहा नवी होती. डोळे तपासण्याचं शिक्षण घेऊन नुकतीच इथे लागलेली, आवाजावरून पंचविशीतली. “मग काय आहे?” मी विचारलं. “तो फळाच न्हाई आता. जुना काढून टाकला. टीव्ही लावलाय, अक्षरं मी हितनं बदलते.” ती थांबली. मला वाटलं, ती हसेल. हसली नाही. “आणि आजी, आता मी एकच अक्षर लावलंय. सगळ्यात मोठं. तुम्ही नऊ वाचलीसा.”

वाटी हातातच राहिली. मी पुन्हा बघितलं. समोर पांढरा उजेड होता आणि उजेडाच्या मधोमध करडा डाग, ओल्या पाटीवरून कुणी अंगठा फिरवावा तसा. तो डाग माझ्या ओळखीचा होता. चष्मा पुसला तरी जात नसे, म्हणून मी चष्म्याच्या काचेला दोष देत आले होते. पण त्या डागाच्या जागी दर खेपेला र, ग, म, च हीच अक्षरं मी स्वच्छ बघितली होती. बघितली म्हणजे काय केलं होतं? मी खोटं बोलत नव्हते. कुणी गळ्याची शपथ घातली असती तरी मी सांगितलं असतं, दिसतंय म्हणून. माझं सगळं आयुष्य लक्षात ठेवण्यात गेलं. टेलिफोन एक्स्चेंजला परगावचे कॉल जोडायला ट्रंक बोर्डावर बसायची तेव्हा शाहूपुरीतल्या गूळ-व्यापाऱ्यांच्या पेढ्यांचे नंबर मला पुस्तक न उघडता यायचे. व्यापारी नुसतं “बाई, मुंबई लावा” म्हणाला की आवाजावरून पेढी, पेढीवरून मुंबईचा नंबर, आणि हात आपोआप बोर्डाच्या जोडदोरीकडे जायचा. सुपरवायझर बाहेरून आलेल्या साहेबाला सांगायचा, शालनबाई म्हणजे आमची डिरेक्टरी. त्याचा केवढा अभिमान होता मला. आता खुर्चीत बसून मनात आलं, ह्या डिरेक्टरीने डोळ्याची जागा कधी बळकावली? आणि फळ्यावर असं झालं, तर आणखी कशाकशावर? सून निशा सकाळी चहा देते तेव्हा मी तिचा चेहरा बघते की आठवते?

मदिहाने मला आतल्या खोलीत नेलं. यंत्राच्या एका पट्टीवर हनुवटी, दुसरीला कपाळ. “आत हिरवी फुली दिसंल, तिच्याकडंच बघत ऱ्हावा.” मला फुली दिसली नाही, तिच्या कडेचा हिरवट उजेड दिसला. मी जिथे बघेन नेमकी तिथेच ती नसायची, आणि नजर हलवली की कडेला येऊन उभी राहायची. लाल रेघ डोळ्यावरून सरकली. एवढंच. टोचलं नाही, दुखलं नाही. मग डॉक्टर विजयसिंहांच्या टेबलाशी मला बसवलं. भला माणूस. पडदा माझ्याकडे वळवला, चित्र होईल तेवढं मोठं केलं आणि मी कडेच्या नजरेने बघेपर्यंत दम धरला.

ते चित्र मी ओळखलं. शिरोळकडच्या आमच्या गावाला पूर ओसरला की कृष्णाकाठची दरड अशीच उघडी पडायची. वर काळ्या मातीचा थर, खाली करडा, त्याखाली पांढरट रेघ, आणि मधेच पाण्याने घास घेतल्यासारखा खड्डा, काठ दोन्हीकडून उचललेले. “हा तुमच्या डोळ्यातला मागचा पडदा,” डॉक्टर म्हणाले, “आडवा कापून बघावा तसा. नेमकं मधोमध भोक पडलंय. जुनं दिसतंय. वर्ष तरी झालं असावं. तुमच्या लक्षात कसं आलं नाही?” मी चष्मा पुसत बसले. मदिहाने पाठ म्हटलेल्या फळ्याचं सांगितलं नाही, ते मला आवडलं. मग त्यांनी खालच्या पांढऱ्या रेघेवर पेनचं टोक ठेवलं. ऑपरेशनने भोक बुजवता येतं, म्हणाले, पण नजर किती परतेल ते या रेघेवर ठरतं. माझी रेघ इथून इथपर्यंत तुटली होती. हजारो पेशंटांचे ऑपरेशनआधीचे आणि नंतरचे असे फोटो संगणकाला शिकवले आहेत, आता तो नवा फोटो बघून किती दिसेल ते आधीच सांगतो, म्हणाले.

“माझं काय सांगतोय?”

“भोक बहुतेक बुजेल. फळ्यावरच्या वरच्या दोन-तीन ओळी वाचाल. चेहरे ओळखाल, रस्त्यावरच्या पाट्या वाचाल. पण पुस्तकाची अक्षरं...” त्यांनी पेन खाली ठेवलं. “ती परत येतील असं वाटत नाही.”

“आमच्यात भविष्य बघत नाहीत, डॉक्टर.”

“हे भविष्य नाही हो, आजी. गणित आहे.”

भविष्याला कसं परतवायचं ते मला ठाऊक होतं, गणिताला नाही. छप्पन साली आमच्या घराने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्यानंतरच्या एका बाजाराच्या दिवशी पोपटवाला आमच्या दारात येऊन बसला. पिंजऱ्यातून पोपट बाहेर येणार, चोचीने एक पाकीट उचलणार आणि पोपटवाला त्यातलं नशीब वाचणार. माझे वडील, बाबासो, नुकतेच रात्रशाळेत अक्षरं शिकले होते. त्यांनी विचारलं, “तुझ्या पोपटाला वाचाय येतंय काय?” पोपटवाला म्हणाला, “न्हाई.” “मग पयलं त्याला शिकीव, आन मग हिकडं ये.” अख्खी आळी हसली होती. पण डॉक्टरांचा पोपट वाचून आला होता. हजारो डोळे वाचून. ज्या शास्त्रावर भरवसा ठेवायला वडिलांनी मला शिकवलं, त्याच शास्त्राने माझ्या डोळ्याचा फोटो काढून सांगितलं होतं की पुस्तक तुझ्यासाठी संपलं. त्याला खोटं कोणत्या तोंडाने म्हणायचं? आणि पिंजऱ्यातला पोपट तर गेलं वर्षभर मीच झाले होते.

हे मला दोन दिवसांनी विहारात नीट कळलं. आषाढी पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत, वर्षावासाच्या त्या महिन्यांत, आमच्या गल्लीतल्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथाचं वाचन होतं. नोकरीतून सुटले तेव्हापासून ते वाचन माझ्याकडे आहे. माईक कुणी दुसऱ्याने धरलेला चालतो, वाचायला मात्र शालनमावशीच लागते, असं होऊन गेलेलं. त्या संध्याकाळी पांढरी साडी नेसून बसले, ग्रंथ उचलला आणि पहिल्या पानाचं पहिलं वाक्य तोंडातून बाहेर पडलं. माझाच आवाज, एक्स्चेंजमध्ये घासूनपुसून निघालेला, भिंतींवर आपटून परत येत होता. दुसरं वाक्य आलं. तेव्हा मी मुद्दाम पानाकडे बघितलं. पानाच्या मधे करडा डाग आणि डागाभोवती मुंग्यांची रांग विस्कटल्यासारखं काहीतरी. वाक्यं येतच होती. योग्य जागी थांबत होती, चढत होती, उतरत होती. मी एक कोरं पान हातात घेऊन बसले असते तरी ती अशीच आली असती. मी मधेच थांबले आणि ग्रंथ मांडीवर ठेवला.

सगळ्यात पुढे नेहमीप्रमाणे चिमणाबाई बसली होती. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी, निरक्षर, आणि वाचनाला एक दिवस न चुकणारी. “काय झालं गं? पाणी देऊ काय?” मी म्हटलं, “मला दिसत न्हाय.” एका दमात सगळ्यांसमोर सांगून टाकलं. कुजबुज झाली. चिमणाबाईला काही विशेष वाटलं नाही. “मग? तुला समदं पाठ हाय न्हवं? म्हण की. आमाला तर कानांनीच ऐकायचं हाय.”

“पाठ म्हणणार न्हाय. वाचणार.”

“वाचणार म्हणं! डोळं कुठं हायती?” बायका हसल्या. चिमणाबाईचा स्वभाव तसाच, लागेल असं बोलायचं आणि मग पाठीवर हात ठेवायचा. तिने ठेवलाही. मी तो झटकला. “समाप्तीला मीच वाचणार,” मी म्हटलं, “अश्विन पौर्णिमेला. डोळ्यानं.” ग्रंथ मिटून कॉलेजच्या एका मुलीच्या हातात दिला. तिने चांगलं वाचलं. घाईत, पण अक्षरावर डोळा ठेवून.

एवढा हट्ट कशासाठी, असं प्रसेनजीत, माझा मुलगा, मला रोज विचारत राहिला. त्याला मी काय सांगणार? त्याने माझ्या वडिलांना वाचताना बघितलं नव्हतं. आमच्या आधीच्या पिढ्यांचं सगळं कानावर होतं. कुणीतरी म्हणायचं, आम्ही ऐकायचं, ऐकलेलं खरं मानायचं, आणि त्यात आमची जागा कुठे आहे तेही ऐकूनच कळायचं. वडील ओळीखाली बोट धरून वाचत. एखादा शब्द तोंडात आधीच आला तरी बोट तिथे पोचेपर्यंत उच्चारत नसत. “आईकल्यालं म्हणू नगंस. लिवल्यालं हाय का बघ, आन मग म्हण.” आणखी एक गोष्ट होती. मी पुस्तकावर ओणवी झाले की ते माझ्या हनुवटीखाली बोट घालून मान वर करायचे. “मान पुस्तकाकडं न्हेयाची न्हाय. पुस्तक वर आणायचं.” म्हणून आमच्या घरात सगळे पुस्तक आरशासारखं डोळ्यांसमोर धरून वाचत. हात भरून यायचे. शाळेत गुरुजी हसले होते. पण वडिलांची आई उभ्या जन्मात कुणासमोर मान वर न करता गेली, हे गुरुजींना कुठे ठाऊक होतं? तिला गावातले सगळे पायांवरून ओळखू यायचे. पाटलाच्या धाकट्याची टाच, सावकाराच्या वहाणेचा अंगठा, कुलकर्णीणबाईंची जोडवी. चेहरा विचारला तर म्हणायची, “मी कुठं बघितलाय?”

“आई, तू नीट ऐकून घे,” प्रसेनजीत म्हणाला. तो बँकेत आहे, सगळं सावकाश समजावून सांगतो. “ऑपरेशननंतर आठवडाभर पालथं ऱ्हायाचं. खाताना, झोपताना, बसताना, मान खालीच. डोळ्यात गॅसचा बुडबुडा सोडतात, त्यानं भोक दाबून धरायचं म्हणून. तुझ्या मानेचे मणके झिजलेत, बीपी हाय. आणि एवढं करून मिळणार काय? डॉक्टर स्वतःच सांगतोय, पुस्तक न्हाय. रिक्षाचा नंबर वाचाय येईल.”

“रिक्षाचा नंबर तर रिक्षाचा नंबर.”

“मशीन सांगतंय की गं, आई.”

“मशीनला मी कुठं खोटं म्हणतेय? मशीननं त्याचं सांगितलं. आता मी माझं सांगते.” माझं म्हणजे काय ते मलाही तेव्हा माहीत नव्हतं. मान खाली घालायची, एवढं मात्र पटत नव्हतं. सगळ्या जन्मात तेवढीच एक गोष्ट मी कुणासाठी केली नव्हती. एक्स्चेंजमध्ये रुजू झाले त्या दिवशी एका जुन्या ऑपरेटरबाईने माझा हेडफोन रुमालाने पुसून मग कानाला लावला. दुसऱ्या दिवशी मी तिच्यादेखत तिचा हेडफोन दोनदा पुसला. ती लालबुंद झाली, मी बोर्डावरच्या दिव्यांकडे बघत म्हटलं, “नंबर प्लीज.” आता अशी मी, एका बुडबुड्यासाठी आठवडाभर जमिनीकडे बघत राहणार होते. पण कुणी घालायला लावली म्हणून खाली गेलेली मान आणि आपण होऊन घातलेली मान, दोन्ही बाहेरून सारख्याच दिसतात. फरक मानेलाच माहीत असतो. मी कागदावर सही केली. तीसुद्धा सवयीनेच केली, रेघ दिसत नव्हती.

ऑपरेशन श्रावणात झालं. डोळ्याभोवती सुई दिली तेवढीच दुखली. मग दूरवर पाण्यात कुणी हात घालून चाचपडत असल्यासारख्या सावल्या हलत राहिल्या. घरी आल्यावर निशाने पलंगाच्या कडेला दोन उशा, मधे फट, फटीत माझं तोंड अशी व्यवस्था केली. दिवसा दोन स्टुलांवर मान टाकून बसायचं. उजव्या डोळ्यावर पट्टी, आणि डाव्या डोळ्याच्या उरल्यासुरल्या कडेतून फरशी. कधीकाळी हौसेने बसवलेली ही फरशी मी इतकी वर्षं नुसती पुसली होती. तिच्यात काळे, पांढरे, विटकरी खडे होते. त्यांचे मी रस्ते केले, नद्या केल्या, शिरोळचा बाजार मांडला. मान आधी दुखली, मग जळाली, मग माझी राहिलीच नाही, कुठल्या तरी दुसऱ्या बाईची असल्यासारखी दूर ठणकत राहिली. आणि माणसं पायांनी येऊ लागली. निशाच्या टाचांना भेगा पडल्या होत्या. घरात दिवसभर ही पोरगी किती चालते ते मला तिच्या चेहऱ्यावर कधी दिसलं नव्हतं. प्रसेनजीतचा अंगठा त्याच्या वडिलांसारखा बाहेर वळलेला. त्यांना जाऊन बारा वर्षं झाली आणि त्यांचा अंगठा माझ्यासमोर उभा राहून विचारत होता, “आई, चहा नळीनं घेतीस का?” चिमणाबाईचे सुजलेले पाय आले, स्टुलाभोवती एक फेरी मारून थांबले. मग ती म्हणाली, “अशी काय गं दिसतीस, शेळी पाणी प्याल्यागत.” मला हसू आलं, हसताना मान दुखली. “जा गं, तुझ्या पायाचा वास येतोय,” मी म्हटलं. ती स्टुलाशेजारी फतकल मारून बसली आणि उठायचं नाव घेईना.

त्या दिवसांत माझी आजी, वडिलांची आई, सारखी मनात येत होती. तिला मी नेहमी कीव करत आठवलं होतं, बिचारी, मान खाली घालून गेली. पायांवरून माणूस ओळखता येतो हे तेव्हा मला केविलवाणं वाटायचं. आता वाटलं, तिलाही नजर होती, तिच्या वाट्याला आलेल्या हातभर जमिनीत तिने ती पुरेपूर वापरली. पण त्याबरोबर रागही आला. एवढी तेज नजर, आणि तिला चेहरे बघू दिले नाहीत. मी फरशीकडे बघत तिला मोठ्याने म्हटलं, “मी वर करणार हाय मान. थांब जरा.” निशाला वाटलं, मी पाणी मागतेय.

पट्टी निघाली तेव्हा डोळ्यात पूर होता. बुडबुडा म्हणतात तो आतून पाण्यासारखाच दिसतो, मान हलवली की डुचमळतो. सुरुवातीला सगळंच त्याच्याखाली होतं. मग एका सकाळी वर, अगदी वर, एक चकचकीत फट दिसली आणि फटीत खिडकीच्या गजाचं टोक. पुढे रोज पाण्याची रेघ थोडी खाली उतरायची. लहानपणी आम्ही पोरं अशीच टेकाडावर बसून पूर उतरताना बघायचो. आधी शाळेचं कौल वर यायचं, मग पिंपळाचा बुंधा, मग भिंती, आणि प्रत्येकाच्या मनात एकच, आपलं घर आहे का. तशी मी बसून राहिले. गज आला. समोरच्या गच्चीवरची टाकी आली. रेघेवर तरंगत प्रसेनजीतचं कपाळ आलं, दुसऱ्या दिवशी भुवया, त्यानंतर डोळे. तो थकलेला होता. माझ्या आठवणीतल्या प्रसेनजीतचे केस काळे होते.

तपासणीला रिक्षाने निघालो तेव्हा पाणी पार तळाला गेलं होतं. चौकात रिक्षा थांबली आणि माझ्या तोंडून निघालं, “वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा.” निशा दचकली. “कुणाचा, आई?” मी बोट दाखवलं. विजेच्या दोन खांबांना बांधलेला भलामोठा फ्लेक्स, त्यावर गॉगल लावलेला कुणी दादा, त्याच्याभोवती पन्नासेक मुंडक्यांची आरास. मुंडक्यांकडे माझं लक्षच नव्हतं. अक्षरं दिसली. मधे कुठेतरी ओळ वाकत होती, पाण्यातून काठी वाकडी दिसते तशी, पण होती ती अक्षरंच आणि कुणी आधी म्हणून दाखवलेली नव्हती. त्या दादाला कळलं असतं तर त्याने केक पाठवला असता, इतक्या मनापासून मी त्याचा फ्लेक्स वाचला.

दवाखान्यात पुन्हा हनुवटी पट्टीवर, पुन्हा हिरवी फुली. ह्या वेळी ती वाकडी का होईना, जागेवर होती. फोटोत दरड बुजली होती. वरचे थर सांधले होते, खालची पांढरी रेघ मात्र तशीच तुटकी. टीव्हीसमोर बसले तेव्हा मी मदिहाला म्हटलं, “एक लावून झालं की लगेच बदल. दुसऱ्यांदा तीच अक्षरं मला दाखवायची न्हाईत.” ती म्हणाली, “व्हय, मला माहिताय तुमचं.” तीन ओळी वाचल्या. चौथीला म्हटलं, दिसत नाही. तिने बदलली. दिसत नाही. पुन्हा बदलली. दिसत नाही. डॉक्टर विजयसिंहांना आनंद लपवता येईना. “बघा आजी, जेवढं सांगितलं होतं तेवढंच. एका ओळीचाही फरक नाही.”

गणित बरोबर आलं होतं. मला वाईट वाटायला हवं होतं, आणि वाटलंही. मनात कुठेतरी मी त्या संगणकाला हरवायची वाट बघत होते. पौर्णिमा पंधरा दिवसांवर आली होती. उठता उठता मी विचारलं, “तुमच्या गणितात अक्षर केवढं धरलंय?” त्यांना प्रश्न कळला नाही. मदिहाला कळला. “ह्या टीव्हीएवढं लांब, दहा-बारा फुटांवरनं व्हय, आजी?” तिने हाताची चार बोटं जोडून आडवी धरली. “एवढं केलं तर आरामात वाचशीला.” मी तिच्या बोटांवर माझी बोटं ठेवून बघितली. माप सारखंच होतं.

फ्लेक्स छापणारा गौस आमच्या मागच्याच गल्लीत आहे. दुकानात शाईचा उग्र वास आणि यंत्राची खरखर. “या आजी, कुणाचा वाढदिवस?”

“वाढदिवस न्हाय. हे पान छापायचं.” मी ग्रंथाचं शेवटचं पान समोर ठेवलं. “अक्षर चार बोटं. पांढऱ्यावर काळं.”

त्याने मोबाईलवर आकडेमोड केली. “दहा बाय आठ फूट तरी जाईल की हो. आणि फोटो कुणाचा टाकायचा?”

“फोटो न्हाय.”

“फ्लेक्स म्हणल्यावर फोटो पायजेच. बरं, तुमचाच टाकू. वरच्या कोपऱ्यात, हात जोडलेला.”

“गौस, नुसती अक्षरं.”

“आणि खाली शुभेच्छुक?”

“कुणी न्हाय.”

त्याने माझ्याकडे असं बघितलं, की या बाईचं डोळ्याबरोबर डोकंही गेलं असावं. “आजी, सगळ्या कोल्हापुरात असला फ्लेक्स कुणी छापला नसंल.” मग पान दिव्याखाली धरून तो स्वतःच दोन ओळी वाचत उभा राहिला आणि म्हणाला, “काना-मात्रा मी नीट बघतो. तुम्ही काळजी करू नगासा.”

प्रसेनजीत घरी चिडला. विहारात फ्लेक्स? लोक काय म्हणतील? मी म्हटलं, “लोक वाचतील.” आणि तेव्हा, स्वयंपाकघराच्या दारात उभी असताना, हनुवटीखाली एक खरखरीत बोट आल्याचा मला भास झाला. इतकी वर्षं आम्ही हाताला कळ लागेपर्यंत पुस्तक डोळ्यांसमोर धरत आलो. हात उचलून पुरत नसेल, तर भिंतीला बांधायचं.

अश्विन पौर्णिमेला संध्याकाळी विहार भरला होता. प्रसेनजीतच शिडीवर चढून फ्लेक्सच्या दोऱ्या आवळत होता आणि खालून सगळे ओरडत होते, डावीकडं ओढ, अजून वर. मदिहा आली होती, दाराशी चपला काढून कडेला बसली. भिंतभर नुसती अक्षरं. चेहरे नाहीत, हात जोडलेले नाहीत, शुभेच्छुक नाहीत. चिमणाबाई मान मागे टाकून बघत राहिली. “एवढी असत्यात व्हय गं अक्षरं?” ती म्हणाली. “मला वाटलं हुतं, बारीक असत्यात.” मग माझ्याकडे वळून, “दिसतंय का?”

“दिसतंय.”

“सगळं?”

“मधे जरा वाकडं. पण हाय.”

मी भिंतीपासून दहा-बारा फुटांवर उभी राहिले. हात रिकामे होते, मान सरळ. पहिला शब्द वाचला. ओळ मधे खड्ड्यापाशी वाकली की मी नजर कडेला सरकवायची आणि अक्षर हळूच कडेने आत यायचं. कॉलेजच्या मुलीने एवढ्या वेळात पानं उलटली असती. मागे एक मूल कंटाळून रडलं, त्याला बाहेर नेलं. कुणी खोकलं. कुणी उठलं नाही. दुसरी ओळ, तिसरी ओळ. आवाज माझा जुना नव्हता. चढत नव्हता, उतरत नव्हता, पाटीवर गिरवणाऱ्या मुलासारखा एकेका अक्षराला धरून चालला होता. सातव्या ओळीत पुढचा शब्द न बोलावताच जिभेवर येऊन बसला, गोड, गोल, वर्षानुवर्षांचा. मागच्या बाकावरून कुणीतरी तो हलकेच पुटपुटलंही, मला मदत म्हणून. मी तोंड मिटून घेतलं. शब्द भिंतीवर होता, डोळा अजून त्याच्या अलीकडे होता. सगळा विहार गप्प बसला होता आणि मी डोळा तिथे पोचायची वाट बघत उभी होते.